स्पीडटेस्ट झकास, तरी रात्री कॉल तुटतो : वायफायवर बोलायची पाळी कुठे अडकते ते असं शोधा

तक्रार नेहमी साधारण याच शब्दांत येते. "प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, स्पीडटेस्टला २८० येतोय, तरी रात्री साडेआठ-नऊनंतर मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, दिवसा काहीच प्रॉब्लेम नाही." ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधून, कोलशेतहून, वाघबीळहून, खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीतून, सगळीकडून हेच. आणि ही वेळ उगाच येत नाही, न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात, म्हणजे ज्यांचा क्लायंट तिकडचा आहे त्यांची कामाची वेळ आणि अख्ख्या बिल्डिंगची टीव्ही, गेम, मुलांचे ऑनलाइन क्लास ही वेळ एकच पडते. मग कंप्लेंट टाकली की कंपनीचा माणूस येतो, राऊटर बंद-चालू करतो, सकाळी अकरा वाजता टेस्ट करून दाखवतो आणि जातो. रात्री परत तेच.

मी वायरलेस टेस्टिंगमध्ये काम करते, आणि सोसायटीत, नातेवाईकांकडे हे इतक्यांदा बघितलंय की माझं मत आता ठाम आहे, हा प्रॉब्लेम स्पीडचा जवळजवळ कधीच नसतो, पाळीचा असतो. हवा एकच आहे, तिच्यावर बोलणारे बरेच आहेत, आणि कोणी कधी बोलायचं हे ठरवणारा कुठेतरी एक शेड्युलर बसलेला असतो. तो तुमच्या कॉलच्या पॅकेटला (डेटाच्या छोट्या तुकड्याला) वेळेत पाळी देत नसेल तर ३०० चा प्लॅन ५०० केला काय आणि १००० केला काय, आवाज तुटणारच.

आधी थोडं गणित, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कॉलचा आवाज साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक छोटं पॅकेट असा जातो, म्हणजे सेकंदाला ५०. त्याला बँडविड्थ काहीच लागत नाही, शंभर केबीपीएसच्या आसपास. पण प्रत्येक पॅकेटला एक डेडलाइन असते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण नॉर्मल वाटतं. आता ठाण्याहून अमेरिकेपर्यंत जाण्यातच त्यातला बराचसा भाग संपतो, तो तुम्हाला कमी करता येत नाही, म्हणजे घरातल्या वायफायला उधळायला फार थोडा वेळ उरतो. अ‍ॅप थोडं बफर, म्हणजे वाट बघायला सवलतीचा वेळ, ठेवतं, पण त्या बफरच्याही मागे राहिलेलं पॅकेट फेकून दिलं जातं. उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे हरवलेलंच पॅकेट. म्हणून सरासरी पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागलेला वेळ) बघून काही कळत नाही. शंभरातलं एक पॅकेट जरी उशिरा आलं तरी सेकंदाला ५० च्या हिशोबाने दर दोन सेकंदांनी एकदा आवाज अडखळतो, आणि सरासरी मात्र छान १२ मिलिसेकंद दिसत राहते. सगळ्यात वाईट आकडे बघायचे, सरासरी नाही.

सातव्या मजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं, "अगं, मग मी हजारचा प्लॅन घेऊ का?" मी म्हटलं, "काका, पैसे नका घालवू, आधी रात्री दोन पिंग लावा, मग बघू." तेच तुम्हालाही सांगते.

दोन पिंग, आणि तेही त्याच वेळेला

लॅपटॉपवर कमांड लिहायच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकीत आपल्या राऊटरला सतत पिंग लावायचा, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत बाहेरच्या कुठल्यातरी भरवशाच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. दोन्ही तसेच चालू ठेवून नेहमीसारखा कॉल करायचा, आणि आवाज तुटला की त्या क्षणी दोन्हीकडे काय दिसतंय ते बघायचं. महत्त्वाचं हे की टेस्ट ज्या वेळेला त्रास होतो त्याच वेळेला करायची, सकाळची टेस्ट या बाबतीत निरुपयोगी आहे.

राऊटरचाच पिंग ३ मिलिसेकंदांवरून उडी मारून ८०, १५०, ३०० होत असेल तर प्रॉब्लेम तुमच्या आणि राऊटरच्या मधल्या हवेत आहे, फायबरवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. राऊटरचा पिंग स्थिर आणि बाहेरचाच वाढतोय तर रांग राऊटरच्या पलीकडच्या तोंडाशी लागलीय. खात्री करायची असेल तर लॅन केबल लावून तेच परत करा, केबलवर बाहेरचा पिंग सुद्धा शांत असेल तर दोष नक्की वायफायचा. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडली की लोड नसतानाची आणि लोड असतानाची लेटन्सी (उशीर) वेगवेगळी दिसते, ती पण बघून ठेवा, मॅकवाल्यांना टर्मिनलमध्ये नेटवर्कक्वालिटी नावाची कमांडच आहे. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर रांगेचा आजार आहे असं समजा.

(लॅपटॉपवर राऊटरचा पिंग ठरावीक अंतराने उडी मारत असेल, अगदी घड्याळ लावल्यासारखा, तर आधी लॅपटॉपवरच संशय घ्या. वायफाय कार्ड मधूनमधून दुसरे चॅनल स्कॅन करायला जातं, तेवढा वेळ ते आपल्या चॅनलवर नसतंच. मॅकवर एअरड्रॉप चालू असला की पण असंच होतं. मोबाइल तर बॅटरी वाचवायला झोपतो आणि बीकन (राऊटरची "मी इथे आहे" अशी हाक) आला की उठतो, बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो, त्यामुळे निवांत पडलेल्या फोनला पिंग करून शंभर दिसला म्हणून घाबरू नका.)

राऊटरच्या तोंडाशी लागणारी रांग

हा भाग सोपा आहे आणि याचा इलाज पक्का आहे. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि राऊटर किंवा ओएनटीमध्ये (फायबर जिथे येते तो कंपनीचा डबा) १ एमबीचा बफर, म्हणजे पॅकेट थांबायची जागा आहे. कोणाच्यातरी फोनने रात्री फोटोंचा बॅकअप सुरू केला की तो बफर भरतो, १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट, १० च्या लाइनवर ते रिकामं व्हायला ८०० मिलिसेकंद. तुमचं कॉलचं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. डाउनलोडची स्पीडटेस्ट हे सहसा पकडत नाही, कारण डाउनलोडची बाजू मोकळीच असते.

याला बफरब्लोट म्हणतात. यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली, तिच्यात बघितलं जातं की पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं, रांग किती लांब आहे ते नाही. थांबण्याचा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तोही १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एकदाही खाली न येता, की ती पॅकेट टाकायला लागते आणि समोरचा पाठवणारा आपोआप हळू होतो. त्यात प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग दिली की झालं एफक्यू-कोडेल, आणि त्याच्या पुढची पायरी केक, जो २०१८ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेल्या राऊटरवर एसक्यूएम नावाने हे मिळतं, काही ब्रँडच्या राऊटरमध्ये स्मार्ट क्यूओएस किंवा अशाच नावाने असतं.

इथे एक गोष्ट लोकांच्या हातून सुटते. शेड्युलर तिथेच काम करतो जिथे रांग आहे. तुमच्या राऊटरने सगळं पटापट पुढे ढकललं आणि रांग ओएनटीमध्ये लागली तर तुमचा एसक्यूएम रिकामा बसलेला असतो. म्हणून राऊटरमध्ये मुद्दाम लाइनच्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के एवढीच मर्यादा घालायची, म्हणजे रांग आपल्या ताब्यात येते. हो, थोडा स्पीड सोडावा लागतो, आणि त्या बदल्यात पिंग शांत होतो, मला तरी हा सौदा नेहमी परवडलाय. राऊटरचा प्रोसेसर साधा असेल आणि ३०० एमबीपीएसला धापा टाकत असेल तर फक्त अपलोडला मर्यादा घाला, बहुतेक घरांत दुखणं तिकडेच असतं.

खरा गुंता हवेत

राऊटरचाच पिंग उडत असेल तर इथून पुढचं नीट वाचा, कारण आपल्या टॉवरांमध्ये जास्त केसेस याच निघतात.

वायफायमध्ये परवानगी देणारा मध्यवर्ती कोणी नसतो, म्हणजे वायफाय ५ पर्यंत तरी नव्हता. प्रत्येक जण आधी ऐकतो, हवा मोकळी असेल तर थोडं थांबून, एक रँडम आकडा मोजून मग बोलतो. हा आकडा साध्या डेटासाठी सुरुवातीला ० ते १५ मधला असतो आणि एकेक मोजणी ९ मायक्रोसेकंदांची. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली की टक्कर, मग दोघांचीही रेंज दुप्पट, ३१, ६३, असं करत १०२३ पर्यंत. १०२३ गुणिले ९ म्हणजे नऊ मिलिसेकंदांच्या आसपास, हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण मोजणी दुसरा कोणी बोलायला लागला की थांबते आणि तो गप्प झाला की पुढे सरकते. गर्दीच्या चॅनलवर त्या नऊ मिलिसेकंदांचे शंभर सहज होतात. आणि लक्षात घ्या, हा "दुसरा कोणी" तुमच्या घरातलाच असायला हवा असं नाही, शेजाऱ्याचा राऊटर त्याच चॅनलवर असेल तर तो पण याच रांगेत, वरच्या मजल्यावरचा पण, समोरच्या विंगमधला पण.

आता हळू बोलणाऱ्यांचं. १५०० बाइटचं पॅकेट ६०० एमबीपीएसवर हवेत फक्त २० मायक्रोसेकंद घेतं. तेच ६ एमबीपीएसवर २ मिलिसेकंद. १ एमबीपीएसवर १२ मिलिसेकंद. वायफायचा जुना नियम सगळ्यांना समान पाळ्या देतो, समान वेळ नाही, म्हणून एक लांबचा कमकुवत फोन सगळ्यांचा वेळ खातो. गायमुखच्या चढावर एक लोडेड ट्रेलर पुढे लागला की मागच्या गाडीचं इंजिन किती दमदार आहे याला अर्थच राहत नाही, तसंच हे. २००३ मध्येच फ्रान्समधल्या संशोधकांनी हा दोष मोजून दाखवला होता, आणि २०१७ च्या सुमारास लिनक्सच्या काही वायफाय ड्रायव्हरमध्ये पाळीऐवजी वेळ वाटून देणारा शेड्युलर आला. राऊटरच्या सेटिंगमध्ये एअरटाइम फेअरनेस दिसलं तर ते हेच, चालू करून बघा. फक्त हे ध्यानात ठेवा की ते राऊटरकडून जाणाऱ्या ट्रॅफिकवर थेट चालतं, फोन स्वतःहून अपलोड करायला लागला तर त्याला ते तेवढं आवरू शकत नाही.

आपल्याकडे हे जास्त का होतं याचं कारण भिंतीत आहे. गेल्या काही वर्षांतल्या ठाण्याच्या बऱ्याचशा टॉवरचं बांधकाम मायवानचं आहे, म्हणजे विटांच्या ऐवजी आतल्या भिंतीसुद्धा सळईवाल्या काँक्रीटच्या. राऊटर हॉलमध्ये मेन दरवाजाजवळ, कारण फायबर तिथे येते, आणि काम करणारा माणूस शेवटच्या बेडरूममध्ये दार लावून. मधे दोन काँक्रीटच्या भिंती. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे पोचेपर्यंत मलूल होतो, लॅपटॉप एकतर फार कमी रेटवर बोलतो किंवा २.४ गिगाहर्ट्झवर उडी मारतो, आणि २.४ ची अवस्था तर काय सांगू.

ती पण सांगतेच. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक राऊटर आपण आहोत हे सांगायला सेकंदाला जवळपास दहा बीकन पाठवतो आणि जुन्या सेटिंगमध्ये ते १ एमबीपीएसने जातात. एक बीकन ३०० बाइटचा धरला तर अडीच मिलिसेकंदांहून जास्त. एका चॅनलवर ऐकू येणारे दहा राऊटर धरा, सेकंदातले साधारण २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव वेळ, कोणी एक अक्षर डेटा न पाठवता नुसता "मी इथे आहे" सांगण्यात गेला. आता फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर उघडून आपल्या बेडरूममध्ये किती नेटवर्क दिसतात ते मोजा. त्यावर दाराच्या बेलचे कॅमेरे, जे मधूनमधून क्लाउडवर व्हिडिओ चढवत असतात, तेही बरेचसे २.४ वर.

मग करायचं काय? सगळ्यात गुणकारी उपाय दिसायला अगदी साधा आहे, केबल. हॉलपासून त्या बेडरूमपर्यंत एक कॅट-६ ओढून घ्या, बिल्डरने लॅनचे पॉइंट दिले असतील तर ते तपासा, पुष्कळ फ्लॅटमध्ये आहेत आणि कोणी वापरत नाही. त्या टोकाला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा आणि तो वेगळ्या चॅनलवर ठेवा. वायरलेस रिपीटर मात्र कॉलसाठी घेऊ नका, तो सहसा प्रत्येक पॅकेट ऐकून त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणजे तीच हवा दोनदा खर्च. दुकानदार सिग्नलच्या कांड्या पूर्ण दाखवून विकतो आणि कांड्या खरंच पूर्ण येतात, पण पाळीचा प्रॉब्लेम दुप्पट होतो.

दुसरं, ५ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी कमी करा. हे ऐकून लोक नाराज होतात, पण माझ्या मते गर्दीच्या टॉवरमधला हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. ८० मेगाहर्ट्झवर सगळ्यांचे राऊटर साधारण दोनच गटांत कोंबलेले असतात, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. ४० केलं की त्याच जागेत चार गट होतात, आणि शांत गट सापडायची शक्यता वाढते. स्पीडटेस्टचा आकडा पडेल, कॉल सुधारेल. भारतात ५ गिगाहर्ट्झमधला बराच मोठा पट्टा २०१८ मध्ये लायसन्समुक्त झालाय, त्यामुळे राऊटरमध्ये ५२ ते ६४ किंवा १०० च्या पुढचे चॅनल दिसत असतील तर तेही बघा, तिकडे सहसा गर्दी कमी असते. फक्त चॅनल ऑटोवर ठेवू नका, ऑटोवाला राऊटर बऱ्याचदा सुरू होताना एकदा बघतो, आणि तो सुरू झाला सकाळी, जेव्हा सगळं शांत होतं.

तिसरं, २.४ वरचे १, २, ५.५ आणि ११ चे जुने रेट बंद करता येत असतील तर करा, किमान ६ किंवा १२ ठेवा. बीकन लगेच पातळ होतात. एखादा स्वस्त स्मार्ट प्लग रुसून बसू शकतो, तर बदल केल्यावर घरातल्या सगळ्या वस्तू एकदा तपासा. आणि ज्या लॅपटॉपवर काम आहे त्याला २.४ चं नाव दाखवूच नका, दोन्ही बँडला वेगळी नावं द्या.

प्राधान्याचं सेटिंग, आणि ते का लागू पडत नाही

वायफायमध्ये प्राधान्याची सोय २००५ च्या ८०२.११ई पासून आहे, राऊटरमध्ये ती डब्ल्यूएमएम नावाने दिसते. चार रांगा असतात, आवाज, व्हिडिओ, साधा आणि बॅकग्राउंड. साध्या रांगेतला ० ते १५ मधून आकडा काढतो, व्हिडिओवाला ० ते ७, आवाजवाला फक्त ० ते ३. म्हणजे आवाजाला पाळी फार लवकर मिळते. छान. मग तरी कॉल का तुटतो?

कारण पॅकेटवर शिक्का असेल तरच तो त्या रांगेत जातो. बरीच अ‍ॅप शिक्का मारतच नाहीत, विंडोजवर तर सहसा पॉलिसी लावल्याशिवाय अ‍ॅपने मारलेला शिक्का बाहेर जातच नाही, आणि इंटरनेटवरून येताना मधले बरेच नेटवर्क तो पुसून टाकतात. शिवाय एक खोच आहे जी मी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये पुन्हा पुन्हा बघितलीय. आवाजासाठीचा नेहमीचा डीएससीपी शिक्का (पॅकेटवर लिहिलेला प्राधान्याचा आकडा) ४६. पुष्कळ उपकरणं त्याचे फक्त पहिले तीन बिट बघतात, ४६ म्हणजे बायनरीत १०१११०, पहिले तीन १०१, म्हणजे ५. आणि वायफायमध्ये ५ हा आवाजाच्या नाही, व्हिडिओच्या रांगेत जातो, आवाजाला ६ किंवा ७ लागतो. म्हणजे नेटवर्कवाल्याने सगळं बरोबर केलं आणि तरी कॉल व्हिडिओंच्या गर्दीत उभा. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजामध्ये ४६ ला ६ वर न्या असं स्पष्ट सांगितलंय, महापे-ऐरोलीच्या ऑफिसात वायफायचा कंट्रोलर सांभाळणाऱ्यांनी आपलं मॅपिंग आजच बघून घ्या. घरच्या राऊटरवर हे सेटिंग क्वचित मिळतं, तिथे लॅपटॉपच्या मॅक अ‍ॅड्रेसला प्राधान्य देता आलं तर द्या, नाही तर सोडून द्या, वर सांगितलेलं जास्त कामाचं आहे.

सगळ्याच ट्रॅफिकला आवाजाच्या रांगेत टाकण्याची आयडिया मात्र करू नका. ० ते ३ मध्ये चारच आकडे आहेत, चार-पाच जण त्यात घुसले की टकरी सुरू.

वायफाय ६ घेतला तर फरक पडतो का? पडू शकतो, कारण त्यात पहिल्यांदा राऊटर खऱ्या अर्थाने शेड्युलर झाला. २० मेगाहर्ट्झचा चॅनल तो नऊ छोट्या तुकड्यांपर्यंत वाटू शकतो आणि एकाच वेळी वेगवेगळ्या फोनना देऊ शकतो, अपलोडसाठी सुद्धा ट्रिगर पाठवून "तू हा तुकडा घे, तू तो घे" असं सांगतो. कॉलची छोटी पॅकेट याच्यासाठी अगदी योग्य. पण घरातली जुनी उपकरणं यात भाग घेऊ शकत नाहीत, सेटिंगमध्ये ओएफडीएमए, म्हणजे हीच तुकडे वाटायची सोय, बऱ्याचदा बंदच असतं किंवा फक्त डाउनलोडला चालू असतं, आणि शेजाऱ्याचा राऊटर तुमच्या शेड्युलचा मान ठेवत नाही, तो त्याच चॅनलवर असेल तर त्याच्याशी जुन्याच पद्धतीने झगडावं लागतं. तर ओएफडीएमए दोन्ही बाजूंना चालू करा, पण आधी चॅनल मोकळा शोधा.

मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात तर

बरेच जण कंटाळून फोनचं हॉटस्पॉट लावतात. कधी जमतं, कधी अजून वाईट. इथला शेड्युलर मोबाइलच्या टॉवरवर आहे आणि तो फार कडक आहे, त्याने परवानगी दिल्याशिवाय फोन डेटाचा एक बिटही पाठवू शकत नाही. फोनकडे पॅकेट आलं की तो आधी आपली ठरलेली वेळ येईपर्यंत थांबतो, मग "मला बोलायचंय" एवढंच सांगतो, मग टॉवर छोटी परवानगी देतो, त्यात फोन सांगतो किती डेटा आहे, मग खरी परवानगी. ४जीमध्ये ही विचारण्याची वेळ नेटवर्कने कशी ठेवलीय त्यावर ५, १०, २०, ४०, अगदी ८० मिलिसेकंदांनी येते. ५जीत स्लॉट (पाळी वाटायचे वेळेचे तुकडे) आखूड झालेत, ४जीच्या १ मिलिसेकंदाऐवजी मिड-बँडवर सहसा अर्धा, पण तिथे एकच पट्टा डाउनलोड आणि अपलोडमध्ये वेळेने वाटलेला असतो आणि अपलोडचा वाटा लहान, एका प्रचलित पद्धतीत पाच स्लॉटमागे पूर्ण असा एकच.

टॉवरचा नेहमीचा हिशोब प्रोपोर्शनल फेअर. आत्ता कोणाचा सिग्नल त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या मानाने चांगला आहे त्याला पाळी. एकूण डेटा भरपूर जातो, कोणी उपाशी राहत नाही, पण या सूत्रात "हे पॅकेट किती वेळ थांबलंय" असा प्रश्नच नाही. रात्री नऊला कासारवडवलीचा टॉवर भरलेला असताना तुमचं पॅकेट आणि कोणाचातरी वेब सिरीजचा तुकडा त्याला सारखेच दिसतात.

आणि म्हणूनच साधा व्होल्टी कॉल, म्हणजे ४जीवरून लावलेला नेहमीचा फोन, नीट चालतो, त्याच फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल तुटतो. लोक मला हे कोडं म्हणून विचारतात. साध्या कॉलला नेटवर्क वेगळा मार्ग उघडून देतं, सेवेचा क्लास १, ज्याचं उशिराचं बजेट १०० मिलिसेकंद. व्हॉट्सअ‍ॅप कॉल इतर इंटरनेटसारखा सहसा क्लास ९ मध्ये, बजेट ३०० मिलिसेकंद, आणि त्यात अख्खं जग. रिअल टाइम गेमिंगसाठी ५० मिलिसेकंदांचा क्लास ३ नियमांत आहे, पण तो आपल्याला सेटिंगमधून चालू करता येत नाही. तर मीटिंगला फोनने डायल-इन करायचा नंबर दिला असेल तर आवाज त्यावर घ्या आणि स्क्रीन लॅपटॉपवर ठेवा. रात्रीच्या महत्त्वाच्या कॉलसाठी याहून भरवशाची युक्ती मला माहीत नाही.

५जीमध्ये लो-लेटन्सीची हत्यारं आहेत, खूप चांगली आहेत. आधीच राखून ठेवलेली परवानगी, म्हणजे विचारायची गरजच नाही. १४ सिंबॉलच्या (सिंबॉल म्हणजे स्लॉटमधला छोटा भाग) पूर्ण स्लॉटऐवजी २, ४ किंवा ७ सिंबॉलचा तुकडा. चालू असलेल्या मोठ्या डाउनलोडच्या मधूनच जागा काढून तातडीचं पॅकेट घुसवणं. रबाळ्याच्या एखाद्या कारखान्यात स्वतःचं ५जी उभारून रोबोची गाडी चालवायची असेल तर हेच वापरावं लागेल. पण राखून ठेवलेली जागा कोणी वापरली नाही तर ती वाया जाते, आणि स्पेक्ट्रम फार महाग आहे, म्हणून सार्वजनिक नेटवर्कवर ते सगळ्यांना वाटलं जात नाही. हॉटस्पॉटवर आपल्या हातात एवढंच, फोन खिडकीत ठेवायचा म्हणजे चांगल्या रेटमुळे कमी स्लॉटमध्ये काम होतं, आणि लॅपटॉप फोनला वायफायने न जोडता यूएसबीने जोडायचा, म्हणजे बिल्डिंगच्या हवेतली एक रांग तरी वाचते.

फायबर नाही, छतावर किंवा खिडकीत ५जीचा डबा लावून घेतलेलं एअरफायबर आहे, असे उलवे आणि खारघरच्या नव्या सेक्टरमधले बरेच जण विचारतात. तुम्हाला दोन्ही शेड्युलर लागू, घरातला वायफायचा आणि टॉवरचा. दोन पिंगची टेस्ट तशीच करा. फक्त एसक्यूएम लावताना एक अडचण येते, लाइनचा स्पीडच स्थिर नसतो, दुपारी ठरवलेली ९० टक्क्यांची मर्यादा रात्री प्रत्यक्ष स्पीडच्या वर गेलेली असते आणि रांग परत डब्यात जाऊन बसते. त्यामुळे मर्यादा रात्री नऊच्या सगळ्यात पडलेल्या आकड्यावरून ठरवा, किंवा ओपनडब्ल्यूआरटी असेल तर केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट टाका, ती सतत पिंग बघत मर्यादा खाली-वर करते.